माझ्या पाठीवरची सौ. सरुबाई

मी घड्याळ बोलतेय. 'बोलतंय' म्हणायला हवं, हे मला कळतं. घड्याळ हा शब्द नपुंसकलिंगी, आणि मी पुण्यात राहते. इथे कुणाचं व्याकरण चुकलं की माणसं आधी चूक काढतात आणि मग बसायला सांगतात. पण हडपसरच्या एका बाईनं मला भर अंगणात 'सवत' म्हटलं, आणि त्या दिवसापासून मी 'ती' झाले. सवत नपुंसकलिंगी असून कसं चालेल?

माझ्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही पुढचं काही ऐकणार नाही, मनातल्या मनात किंमत लावत बसाल. एवढंच सांगते की जन्म स्वित्झर्लंडचा, अंग सोन्याचं, आणि बांधा इतका बारीक की शर्टाची बाही माझ्यावरून न अडकता सरकते. तबकडी तांबूस. या रंगाच्या तबकड्या कंपनीनं फारशा काढल्याच नाहीत, त्यामुळे जाणकार माणूस मला पहिल्यांदा बघतो तेव्हा क्षणभर गप्प होतो. ते गप्प होणं मला फार आवडतं. लपवायचं कशाला?

पुण्यात मी आले ती कॅम्पातल्या एका पारशी घोडेमालकाच्या मनगटावर. रेसकोर्सजवळ त्याचे तबेले होते. तिथे रोज सकाळी हडपसरहून संपत नावाचा तरणा शेतकरी बैलगाडीतून लसूणघास घेऊन यायचा. घास उतरवायचा सोडून हा गडी माझ्याकडे टक लावून बघत उभा राहायचा. मालक म्हातारा झाला, मुलांकडे परदेशात कायमचा निघाला, तेव्हा त्यानं तबेल्यावरच्या सगळ्यांना विचारलं, आठवण म्हणून काय हवं? कुणी खुर्ची मागितली, कुणी रेडिओ. संपतनं नुसतं त्याच्या मनगटाकडे बोट केलं. म्हातारा आधी हसला, मग खरंच पट्टा सोडायला लागला. मोठ्या मनाचा माणूस. मला काय वाटतं हे मात्र कुणी विचारलं नाही.

सुरुवातीला मी नाक मुरडलं. घोड्यांच्या शर्यती बघितलेली मी, आणि आता कांद्याच्या वाफ्यात? पण संपतनं मला ज्या मायेनं ठेवलं, तसं त्या पारशानंही कधी ठेवलं नव्हतं. सकाळी उठला की चहाच्या आधी मला चावी द्यायचा. मग कानाशी धरून डोळे मिटायचा. मळ्यात पाणी धरायला उतरण्याआधी मला काढून, धोतराच्या सोग्यानं पुसून, बायकोच्या हातात द्यायचा.

त्याची बायको म्हणजे सरुबाई. काळीसावळी, कामाला वाघ, जिभेला धार. त्या दिवशी तिच्या कडेवर रविराज होता, नुकता बसायला लागलेला. संपत मला तिच्या हातात ठेवत म्हणाला, "सांभाळ. पोरापेक्षा जपून ठेव."

"मग पोरगं खाली ठेवू का, अवो?" सरुबाई म्हणाली. आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "घड्याळ न्हाय हे. सवत हाय माझी."

अंगणातले गडी हसले, संपतही हसला. ती हसली नाही. तिला खरंच लागलं होतं. उठल्याबरोबर नवरा आपल्याशी बोलायच्या आधी घड्याळाशी बोलतो, हे कुठल्या बाईला चालेल? आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला. जळू दे, म्हटलं.

पण ती नुसती जळत बसणारी नव्हती.

एकदा संपत तापानं अंथरुणाला खिळला होता. सरुबाईनं मला पदराच्या गाठीत बांधलं, एक नवीकोरी पितळी कळशी कडेवर घेतली आणि बसनं थेट रविवार पेठ गाठली. कळशीवर नाव घालायचं होतं. आता ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा लग्नकार्यात भांडी घरोघरून गोळा व्हायची आणि परत जाताना एकमेकांत मिसळायची. म्हणून प्रत्येक भांड्यावर घरच्या बाईचं नाव आणि गाव घालून घ्यायचे. भांड्यांच्या दुकानातला माणूस छिन्नी आणि हातोडी घेऊन बसायचा आणि ठक ठक करत टिंबाटिंबांनी नाव टोचायचा.

कळशी झाल्यावर सरुबाईनं गाठ सोडली. "आता हिच्यावर."

"ही म्हणजे?" त्यानं मला उचलून विचारलं. "बाई, हे मनगटी घड्याळ आहे."

"मग? माझंच हाय. पाठीवर घाला."

त्या माणसानं जास्त चौकशी केली नाही. शेजारच्या घड्याळवाल्याकडून माझं मागचं झाकण काढून आणलं, लाकडाच्या ठोकळ्यावर पालथं घातलं आणि छिन्नी लावली. सोनं मऊ असतं हो. प्रत्येक ठोका आरपार जाणवत होता. आणि त्याच्या हाताला जी सवय होती त्याच सवयीनं त्यानं नुसतं नाव नाही घातलं, कळशीवर घातलं तेच जसंच्या तसं घातलं. 'सौ. सरुबाई, हडपसर.'

म्हणजे कुणाच्या लग्नात मी वरणाच्या पातेल्याबरोबर चुकून गेलेच, तर परत हडपसरला पोचवता यावं! स्वित्झर्लंडमध्ये माझ्यावर महिनोन्महिने खपलेल्या कारागिरांनी हे बघितलं असतं तर त्यांनी हत्यारं खाली ठेवली असती.

घरी आल्यावर संपतनं मला उलटं करून बघितलं. ताप उतरलेला नव्हता, तरी बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा चिडणार, हिला बोलणार. मी वाटच बघत होते.

"हे काय केलंस गं?"

"लोकांना घड्याळ दिसू दे," सरुबाई म्हणाली. "तुमच्या हाताला मी लागले पायजे."

त्यानं मला मनगटावर चढवलं आणि पट्टा एक भोक घट्ट लावला.

तेव्हापासून माझ्या आयुष्यात ती शिरली ती शिरलीच. आता मळ्यात उतरतानाही संपत मला काढेना. वरून मी, खालून ती. संध्याकाळी घरी आल्यावर तो पट्टा सोडायचा तेव्हा त्याच्या घामेजलेल्या मनगटावर टिंबांचा पुसट ठसा उमटलेला असायचा, तिच्या नावाचा, उलटा. सरुबाई पाण्याचा तांब्या देताना हळूच तिथे बघून घ्यायची. मी त्या हातावर दिवसभर टिकटिक करायची आणि ठसा हिचा! तुम्हीच सांगा, राग येईल की नाही?

वर्षं गेली. मळा जाऊन तिथे काचेच्या इमारती आल्या. संपतनं धोतर सोडून पँट घातली, पण मला सोडलं नाही. पुढे तो आजारी पडला आणि दवाखान्यात नर्सनं मला काढून सरुबाईकडे दिलं. तो परत आला नाही. तेराव्यानंतर तिनं मला रविराजच्या हातावर ठेवलं. "घे, तुझ्या बापाची लाडकी." एवढंच म्हणाली आणि आत गेली. रविराजनं मला कपाटात ठेवलं. तिथे मी बंद पडून राहिले. बंद पडलं की काळ कळत नाही, एवढी एकच सोय.

मग एके दिवशी रविराजनं माझा फोटो काढून मोबाईलवर कुठल्याशा ग्रुपमध्ये टाकला आणि त्याचा फोन वाजायचा थांबेना. आपल्या बापाच्या हातावर काय होतं, हे त्याला तेव्हा कळलं. तिथून त्याला नाद लागला. जुनी, दुर्मीळ, भारी घड्याळं जमवायची. एक आलं, दुसरं आलं. आता त्याच्या हडपसरच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिसवी पेटी आहे, काचेच्या झाकणाची, आत मखमल.

त्या मखमलीतल्या सगळ्या जणी माझ्यामुळे आल्या, हे लक्षात घ्या. माझा फोटो गेला नसता तर या घरात आजही मोबाईल बघूनच वेळ सांगितली असती. पण मान कुणाला? त्यातल्या काही आपोआप चावी भरणाऱ्या आहेत. त्या थांबू नयेत म्हणून रविराजनं विजेवर फिरणारे पाळणे आणलेत. दिवसभर त्या महाराण्या त्यात झुलतात. मला हातानं चावी द्यावी लागते, तर मला कुणी हातच लावत नाही. एकीकडे खोल पाण्यात जायचं प्रमाणपत्र आहे. मुळा-मुठेत बुडवून बघा म्हणावं. एकीच्या काट्यांवरचं हिरवं रंगद्रव्य पिवळं पडलंय, त्याचंही कौतुक! रंग उडाला तर 'काय सुंदर वय झालंय' म्हणतात. माझ्या पाठीवर नाव आहे तर म्हणे 'कंडिशन गेली'.

सवत म्हणून ज्या घरात आले, त्या घरात मलाच एवढ्या सवती झाल्या. सरुबाईला तेव्हा काय वाटलं असेल ते मला आता समजलं. समजलं म्हणून तिची दया वगैरे आली नाही, हेही सांगून टाकते.

रविवारी सकाळी रविराजकडे या नादातली मंडळी जमतात. पोहे होतात, घड्याळं हातोहात फिरतात. हे लोक घड्याळ आधी समोरून बघतात आणि मग उलटं करतात. माझी पाळी आली की रविराज मला ट्रेमध्ये उताणी ठेवायचा आणि पटकन दुसरा विषय काढायचा. त्याला माझी लाज वाटायची, स्पष्ट बोलायचं तर. पण सदाशिव पेठेतल्या माधवरावांपुढे असली युक्ती चालत नाही. हे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक. खिशात भिंग, बोलणं कमी आणि जेवढं असेल तेवढं तिखट. त्यांनी मला बघितलं, गप्प झाले, मला बरं वाटलं. मग त्यांनी मला उलटं केलं.

"रविराजराव," ते म्हणाले, "पोह्यांचा डबाही याच मालिकेतला आहे का आपल्याकडे?"

सगळे हसले. रविराजचे कान लाल झाले.

माधवरावांकडे एक आहे. स्टीलची, काळ्या तबकडीची, पोटात आणखी तीन छोट्या तबकड्या. मोटारींच्या शर्यतींसाठी केलेली म्हणे. मूळ पेटी, मूळ कागद, सगळं शाबूत, कारण तिच्या पहिल्या मालकानं तिला फक्त दिवाळीला घातलं. आयुष्यात कधी घामाचा थेंब लागला नाही आणि ही शर्यतीची! रविराज कितीतरी दिवसांपासून तिच्यासाठी झुरत होता. झोपायच्या आधी मोबाईलवर तिचाच फोटो. त्या रविवारी सगळे गेल्यावर माधवराव मुद्दाम मागे थांबले.

"तुमची तांबूस मला द्या, माझी काळी घेऊन जा," ते म्हणाले. "फक्त मागचं झाकण कोरं करून द्या. माझ्याकडे येणारे लोक उलटं करून बघतात. ह्या सरुबाई कोण, हे मी त्यांना काय सांगत बसू?"

"आमच्या आई आहेत," असं रविराज म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "बघतो घासून मिळतं का."

आता माझ्या मनात काय झालं ते ऐका. पहिल्यांदा आनंद झाला. निघणार! इतकी वर्षं पाठीला चिकटलेली ही बाई अखेर निघणार, मी पुन्हा कोरी होणार. मग लक्षात आलं की कोरी झाल्याबरोबर मी सदाशिव पेठेत जाणार आणि या मखमलीत माझ्या जागेवर ती स्टीलवाली येऊन बसणार. संपतच्या घरात. त्याच्या मुलाच्या हातावर. हे काही मला सोसवेना. पण घड्याळ काय करणार? मला हात आहेत ते दोन काटे, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं हलत नाहीत.

तनुजा, रविराजची बायको, तेवढी म्हणाली, "अहो, आत्यांना विचारलंत का?"

"आईला काय त्याचं? तिला आता धड दिसत पण नाही. आणि घड्याळ कुठे टाकून देतोय, एक्स्चेंज करतोय."

तनुजानं डायनिंग टेबल पुसायचं थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविराज मला घेऊन रविवार पेठेत पॉलिशवाल्याकडे निघाला. पुढे तसाच माधवरावांकडे जाणार होता, आणि तिथे मी चालू दिसायला हवी, म्हणून कितीतरी दिवसांनी त्यानं मला चावी दिली. अंगात जीव आला, पण आला तो असा. सरुबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांवर पडदा आलेली. बाहेर जाताना तिच्या पाया पडायचं, ही रविराजची सवय मात्र सुटलेली नाही. तो वाकला आणि मी त्याच्या वरच्या खिशातून तिच्या कानाशी आले.

"रवी, माझी सवत कुठं निघाली?"

तो चपापला. "काय आई?"

"टिकटिकतीय की खिशात. कान शाबूत हायेत माझे."

त्यानं मला बाहेर काढलं. तिनं हात पुढे केला आणि त्याला मला तिच्या तळव्यावर ठेवावंच लागलं. तबकडीकडे तिनं बघितलंही नाही. सरळ उलटं केलं आणि अंगठा फिरवला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सावकाश, जोंधळ्याचं पीठ चांगलं दळलंय का बघावं तसा.

रविराजनं सगळं सांगितलं. खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवा. नाव घासायचंय, घड्याळ माधवरावांना द्यायचंय, त्यांच्याकडचं घ्यायचंय. "तुझी काही हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत?" सरुबाई म्हणाली. "सवत घराबाहेर जायला कुणाची हरकत असती व्हय?"

रविराजनं लगेच मला उचलायला हात पुढे केला. तिनं मूठ मिटली.

"फकस्त त्या माणसाला सांग," ती म्हणाली, "पहिलं अक्षर राहू देत असला तर बघ. बाकीचं घास म्हणावं."

"पहिलं अक्षर? 'सौ.'? ते एकटं ठेवून काय करायचं?"

तिनं रस्त्याकडे तोंड वळवलं. तिथे पूर्वी त्यांचा घासाचा मळा होता.

"तुझा बाप गेल्यावर पत्रिकेवर माझं 'सौ.' जाऊन 'गंगाभागीरथी' झालं. तुम्ही नाय केलं, जग करतं. भांड्यांवर होतं तवर बरं होतं. घागर उचलली तरी वाचता यायचं, बोटांनी. मग ह्यो नवा किचन आला आन् भांडी गेली." तिनं मूठ उघडली. "आता मी सौ. सरुबाई हाय ती एवढ्या जागेतच. म्हणून म्हटलं. नसल राहत तर नको."

स्वयंपाकघराच्या दारात तनुजा उभी होती. जुनी भांडी मोडीत तिनंच दिली होती, सासूला विचारूनच, आणि सासूनं तेव्हाही 'माझी कसली हरकत' असंच म्हटलं होतं. ती तिथेच उंबऱ्यावर टेकली. रविराज आईच्या पायाशी बसून राहिला. बाराव्या मजल्यावर त्या वेळी फक्त माझा आवाज होता, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की आपण जरा हळू वाजावं.

थोड्या वेळानं त्यानं तिथूनच माधवरावांना फोन लावला. "सर, नाही जमणार."

"का हो? पॉलिशवाला मिळाला नाही?"

"मिळाला. पण तुम्ही विचारत होता ना, सरुबाई कोण? त्या आमच्या आई आहेत."

पलीकडे माधवराव क्षणभर गप्प झाले. तसेच, मला पहिल्यांदा बघितल्यावर झाले होते तसे. मग म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं. पोह्यांच्या डब्याचं मी परत घेतो." पुण्यात याला माफी म्हणतात.

ती स्टीलवाली पुढे कोथरूडच्या कुणाकडे गेली असं ऐकते. सुखात असेल. असू दे, इथे नाही ना.

मी आता मखमलीच्या पेटीत नाही. सरुबाईच्या उशाशी, तिच्या जुन्या चष्म्याच्या घरात राहते. सकाळी उठली की ती चहाच्या आधी मला चावी देते. कधी अर्धवट देते, मग मी दुपारीच थांबते आणि तिला ते कळतं. मग मला कानाशी धरते, डोळे मिटते. अगदी त्याच्यासारखी. कुणाकडून शिकली, हे मला विचारायची गरज नाही. मी रोज त्याच्या कानाशी असताना ही चुलीपाशी बसून आमच्याकडेच बघत असायची.

"चालतीस का गं अजून?" ती विचारते. "चाल बाई. तो गेला, आता आपण दोघींनी भांडायचं तरी कुणावरनं?"

पण मी भांडते. माझा मत्सर काही गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? आता मला वेगळीच गोष्ट खुपते. ती थकली आहे. चावी देताना तिची बोटं हल्ली मध्येच थांबतात. आज ना उद्या ही बाई त्याच्याकडे निघून जाईल. 'सौ.' म्हणून पुन्हा त्याच्या शेजारी बसेल. आणि मला कुणी बरोबर नेणार नाही. सोन्याची आहे ना मी, मला जपून मागेच ठेवतील.

तेव्हा माझी एक विनंती आहे, रविराजला आणि त्याच्यानंतर ज्याच्या हातात मी पडेन त्याला. माझी किंमत हवी तेवढी लावा, हवी तेवढी कमी करा. पेटीत ठेवा, नाहीतर पोह्यांच्या डब्यात ठेवा. पण माझ्या पाठीला छिन्नी-पॉलिश लावू नका. तिच्याशी माझं जन्माचं वैर आहे, म्हणून सांगते. त्याच्या मनगटाला ती लागायची, मी नाही. तिचं नाव घासलंत तर त्या मनगटाचं माझ्याकडे काही म्हणजे काहीच उरणार नाही.